चार दिवसांचं ऊन

बोरिवली (पश्चिम),
१९ जानेवारी २०२५

प्रिय किरण,

पत्र बघून दचकू नकोस. बाबा ठणठणीत आहेत. दुसऱ्या डोळ्याचंही मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि आता त्यांना समोरच्या बिल्डिंगमधल्या बाईने कुठली साडी वाळत घातलीय तेही दिसतं. फोन केला की ते स्पीकर लावायला लावतात आणि आपल्या दोघांना गप्प करून स्वतःच बोलत बसतात. व्हॉट्सअॅपवर लिहिलं तर मानसी सगळं त्यांना मोठ्याने वाचून दाखवते. माझी लेक कॉलेजात गेली, पण पोटात काही राहत नाही तिच्या. म्हणून हे पत्र.

तुझ्याकडून इथे आल्यापासून महिनाभर बाबा खिडकीशी बसून होते. ना टीव्ही, ना पेपर. विचारलं की म्हणायचे, "पाणी दिसना नाय." मग गेल्या रविवारी त्यांना विमलाकडे घेऊन गेले. विमला म्हणजे आमची मासळीवाली, गोराई खाडीच्या काठाला राहते. तिच्या आवारात एक जुनी फायबरची होडी पालथी पडली होती, चौदा फुटी. वर कोंबड्या. नवरा गेल्यापासून कोणी हात लावलेला नाही. बाबा होडीभोवती तीन फेऱ्या मारून आले. पुन्हा चार. विमला म्हणाली, "घेऊन जा बाई, माझी जागा तरी मोकळी होईल."

तर आता होडी माझी आहे. लॅबमधून दोनला सुटले की आम्ही दोघं तिथे जातो. बाबा खुर्चीत, मी जमिनीवर. ते सांगतात, मी घासते. इतके खूश मी त्यांना आईच्या मागे पहिल्यांदा बघतेय.

तू देवबागला फायबरच्या होड्या दुरुस्त करतोस. सुरुवात कुठून करू, ते लिही.

तुझी,
ताई


देवबाग,
२९ जानेवारी

ताई,

पत्र मिळालं. तुझ्या भावजयीने, श्वेताने विचारलं कोणाचं, तर सांगितलं ताई होडी बांधतेय. ती हसली. मग मीही हसलो. राजकोटच्या किनाऱ्यावरून होडीने किल्ल्यावर जाईपर्यंत तुला तीनदा ओकारी झाली होती, आठवतं?

ठीक आहे, सांगतो. आधी ठोकून बघ. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने, वीतभर अंतराने, सगळा तळ. टण्ण वाजलं तर चांगलं. बद्द वाजलं तर आत फायबरचे थर सुटलेत, तिथे खडूने गोल कर. मग गोलातलं सगळं ग्राइंडरने काढायचं, चांगला भाग लागेपर्यंत. कडा एकदम तोडू नकोस, उतरत्या ठेव, बशीसारख्या. तोंडाला मास्क, अंगात पूर्ण बाह्यांचं. ती पूड अंगाला लागली तर दोन दिवस झोप लागणार नाही.

बाबा खुर्चीत बसून तुला शिकवतात, हे वाचून गंमत वाटली. मला शिकवायचे तेव्हा हातात वल्ह्याचा तुकडा असायचा. चौदाव्या वर्षापासून त्यांच्याबरोबर पाण्यावर आहे मी. आता सेहेचाळीस झालो. इतक्या वर्षांत एकदा "बरा केलंस" ऐकलं असेल तर शपथ.

असो. शिमग्याला येतायत ना ते? तिकीट काढतो.

किरण


बोरिवली,
९ फेब्रुवारी

प्रिय किरण,

झकास! तू सांगितलंस तस्सं केलं. मी ठोकत होते आणि बाबा डोळे मिटून ऐकत होते. "हंयसर बद्द वाजता, खडू मार." कान केवढे तिखट रे या वयात! दोन मोठे गोल निघाले, ताटाएवढे, दोन्ही कण्याच्या उजव्या अंगाला. बारीक सहा-सात. ग्राइंडर मानसीच्या मित्राचा आणला. पहिल्या दिवशी हात इतका थरथरला की रात्री पोळी लाटता आली नाही. बाबांनी भात लावला. हो, आपल्या बाबांनी. वर म्हणाले, आज तू दमलंस.

विमला येता-जाता बघते आणि म्हणते, "पन्नाशीला आल्यावर बायका काशीला जातात, तू इथे लोळतेस."

आता अडचण. मोठ्या गोलात घासताना आतून पाणी आलं. तपकिरी, आंबूस वासाचं, थेंबथेंब, कालपासून गळतंय. हे किती दिवस वाळवायचं? बाबांना लाकडाच्या होडीचं सगळं कळतं, फायबरचं नाही. म्हणून तुला विचारते.

शिमग्याचं बघू. तिकीट इतक्यात काढू नकोस. त्यांना इथे करमायला लागलंय.

ताई


देवबाग,
१७ फेब्रुवारी

ताई,

आतलं मीठ जायला गोड्या पाण्याने धू. दोन-तीनदा. मग उन्हात चार दिवस ठेव आणि मॅट मार.

मॅट म्हणजे फायबरचं कापड. छोटा तुकडा आधी, मोठा वर, तीन थर, रेझिनने चिकटवून. रेझिनमध्ये आधी कोबाल्ट घाल, पूर्ण ढवळ, नंतर हार्डनर. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही ओतायचं नाही, आग लागते. हे मानसीलाही सांगून ठेव. हार्डनर थोडाच, शंभराला दीड. लॅबमधली सिरिंज वापर, तुला थेंब मोजायची सवय आहे. एका वेळी वाटीभरच कालव, नाहीतर हातातच दगड होतो. रोलरने हवा काढ.

बाबांनी भात लावला हे मी श्वेताला सांगितलं. तिचा विश्वास बसला नाही. इथे पाण्याचा तांब्या हातात द्यावा लागतो.

करमायला लागलंय म्हणजे काय?

किरण


बोरिवली,
२ मार्च

प्रिय किरण,

झालं! दोन्ही मोठे गोल भरले. चार दिवस कडक ऊन दिलं, मग तीन थर. पहिली वाटी वाया गेली, धूर निघाला तिच्यातून, मानसी पळाली. दुसरी जमली. रेझिन लागलं की पांढरं कापड काचेसारखं होतं ना, ते बघताना मला कुणी हलवू नये असं वाटत होतं. एक-दोन ठिकाणी ते पांढुरकंच राहिलं, पण चालतं बहुतेक. बाबांनी वरून हात फिरवला आणि मग माझ्या डोक्यावर ठेवला.

आता बारीक गोल, मग वरून रंगाचा जेलकोट, मग पाण्यात.

बाबा शिमग्याला येत नाहीत. होडी पाण्यात उतरलेली बघायची आहे त्यांना. पहिल्यांदा तेच बसणार म्हणतात. एवढी इच्छा आहे तर मी कशी मोडू? मांडावर गावासमोर या वर्षी आपल्या घरातर्फे तू उभा राहा. सोबत फोटो पाठवलाय, बाबा आणि मी होडीला टेकून. विमलाने काढला. किती छान हसलेत बघ.

ताई


देवबाग,
२० मार्च

ताई,

शिमगा झाला. मांडावर आपल्या घरचा नारळ मी ठेवला. गाऱ्हाणं घालायच्या आधी चौघांनी विचारलं, दशरथ खंय? सांगितलं, मुंबईत होडी करतायत. माणसं हसली. ज्यांनी अर्धं आयुष्य इथल्या पाण्यात होडी घातली ते मुंबईच्या खाडीत जाऊन होडी करतायत.

फोटो बघितला. श्वेताने भिंतीला लावला होता. मी काढून कपाटात ठेवला. वाईट वाटून घेऊ नकोस, खरं ते लिहिलं.

आई गेल्यापासून सोळा वर्षं बाबा माझ्याकडे आहेत. त्यांचं दुखणं, त्यांचा राग, पहिले सहा महिने त्यांचं न बोलणं, सगळं या घराने काढलं. तुझ्याकडे तीन महिने राहिले आणि तुझ्या डोक्यावर हात ठेवला. माझ्या डोक्यावर कधी ठेवला असेल तर मी झोपेत असेन.

होडी पाण्यात टाकलीस का? टाकण्याआधी मला कळव. आणि बाबांना पहिल्यांदा बसवू नकोस. त्यांना पोहता येतं, पण वय झालंय. आधी रिकामी टाकून दोन दिवस ठेव. कळव नक्की.

किरण


बोरिवली,
२८ मार्च

किरण,

होडी पाण्यात टाकली नाही. टाकली असती तर काय झालं असतं ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

परवा जेलकोटच्या आधी मी घासायला बसले, तर मोठ्या गोलावर फोड आलेले. हाताला पुरी फुगल्यासारखे लागत होते. बाबा खुर्चीतून उठले, कडेला नख घातलं आणि ओढलं. तीनही थर पापडासारखे उचलून आले. खाली ओलं होतं. तोच आंबूस वास.

बाबांनी विचारलं, "किरणान ह्या सांगल्यान नाय?"

मी म्हटलं, "काय?"

"ओल्यावर काय चिकटना नाय. लाकडार नाय, फायबरार नाय. एवढा ताका म्हायत नाय? तेचा पत्र वाच माका."

तुझी सगळी पत्रं पर्समध्येच असतात माझ्या. 'उन्हात चार दिवस ठेव आणि मॅट मार' हे वाक्य मी वाचलं. ते म्हणाले, परत वाच. पुन्हा वाचलं. विमलाने चहा आणला, तो तसाच गार झाला.

मग मला म्हणाले, "तू ताका काय लिहिलंस? मी हंय रमलंय म्हणान?"

मी पत्राची घडी घातली.

"आणि मी काय म्हणतंय ता लिहिलंस?"

तेही लिहिलं नव्हतं. आता लिहिते, कारण न लिहून मला झोप येत नाहीये. या होडीतला एकही प्रश्न माझा नव्हता, किरण. पहिल्या दिवशी होडीभोवती फिरून झाल्यावर बाबांचं पहिलं वाक्य होतं, "किरणाक इचार. फायबरातला ताका म्हायत आसा तितक्या सगळ्या देवबागात कोणाक म्हायत नाय." ठोकून बघायचं तुझं पत्र आलं तेव्हा त्यांनी ते विमलाला वाचून दाखवायला लावलं. "माझो झील," म्हणाले. झील म्हणजे मुलगा, हे विमलाला मला सांगावं लागलं. मॅट मारून झाल्यावर माझ्या डोक्यावर हात ठेवला हे खरं, पण ठेवताना म्हणाले काय, तर "किरण असतो तर एका दिवसात झाला असता." मी फक्त हात लिहिला. वाक्य खाल्लं.

का खाल्लं तेही ऐक. मुंबईतली गिरणी बंद पडल्यावर बाबा कायमचे देवबागला घरी आले तेव्हा मी अकरा वर्षांची होते. जन्मल्यापासून वर्षाला पंधरा दिवस बघितलेला बाप एकदाचा घरात राहायला आला, आणि सहा महिन्यांत मला आत्याकडे घाटकोपरला धाडलं, शिकायला. तू पाच-सहा वर्षांचा. एसटी सुटली तेव्हा तू त्यांच्या खांद्यावर बसला होतास. मी सुट्टीत यायचे तेव्हा तुम्ही दोघं होडीत असायचात आणि मी किनाऱ्यावर. पोरी होडीत बसत नाहीत म्हणायचे. राजकोटहून गेलो ती एकच वेळ, आणि मी ओकले. मला चाळीस वर्षांनी तीन महिने मिळाले होते. त्यातही दर तासाला तुझं नाव.

पण म्हणून मी तुझी होडी बुडवली नसती.

बाबा काल रात्री जेवले नाहीत. झोपायला जाताना म्हणाले, "चूक माझी. तुका कधी होडयेत बसवूक नाय, आणि ताका कधी बरा म्हणूक नाय."

तुला काही सांगायचं असेल तर सांग.

सुलक्षणा


देवबाग,
४ एप्रिल

ताई,

पत्र आजच मिळालं. पाच वेळा वाचलं.

मला माहीत होतं. अनवधानाने झालं असं लिहायला घेतलं होतं, ते फाडलं. मला माहीत होतं.

ज्या होडीतून आंबूस पाणी येतं ती महिना-दोन महिने वाळवावी लागते, कधी त्याहून जास्त. प्लॅस्टिकचा चौकोन घ्यायचा, चारी बाजूंनी टेप मारून जागेवर चिकटवायचा, दिवसभर ठेवायचा. आतून थेंब धरले तर अजून ओली. थेंब येत नाहीत तोवर मॅटला हात लावायचा नाही. हे मी इथे शिकाऊ माणसालाही पहिल्या दिवशी सांगतो. तुलाही लिहिलं होतं, सतरा तारखेला, पानभर. मग तुझं पत्र पुन्हा वाचलं, 'बाबांनी भात लावला', आणि ते पान चुलीत घातलं. वाटलं, काम बिघडेल, तू कंटाळशील, बाबा शिमग्याला घरी येतील. एवढंच वाटलं होतं. ते पहिल्यांदा स्वतः बसणार हे तुझ्या पुढच्या पत्रात वाचलं आणि तेव्हापासून मला झोप नाही. रोज फोन हातात घ्यायचो. एकदा लावलाही. बाबांनी उचलला आणि जेलकोटला कुठला रंग घ्यायचा ते मला सांगायला लागले. मी मधेच फोन ठेवला. रेंज गेली असेल असं वाटलं असेल त्यांना.

म्हणून पत्रात 'आधी रिकामी टाक' लिहिलं. सरळ लिहायची हिंमत झाली नाही. माणूस बुडायची वेळ आली तरी मी आडून बोलत होतो.

आणि तू जे वाक्य खाल्लंस. 'माझो झील.' ताई, ते मला तेव्हा कळलं असतं तर मी ते पान जाळलं नसतं, असं लिहायचा मोह होतोय. पण तो माझा दोष तुझ्यावर ढकलणं होईल. पान मीच जाळलं.

श्वेताला सगळं सांगितलं. ती म्हणाली, पत्रं पुरे, जा. चौदा तारखेला, सोमवारी निघतो, मंगळवारी पोचेन. ग्राइंडर आणतोय. बाबांसमोर काय बोलायचं ते अजून कळलेलं नाही. तू मला घरात घेशील ना?

किरण


बोरिवली,
१६ नोव्हेंबर

प्रिय किरण,

सात महिने मी तुला पत्र लिहिलं नाही. फोनवर 'बरी आहेस ना, बरी आहे' एवढंच. आज लिहायला कारण आहे.

तू आलास, चार दिवस राहिलास, माझे खराब थर सगळे काढून दिलेस. त्या चार दिवसांत आपण दोघं वीस वाक्यं बोललो असू. बाबांना तू सांगितलंस, मीच तिला चुकीचं सांगितलं, तेव्हा मी ग्राइंडर मुद्दाम चालू ठेवला होता. मला ऐकायचं नव्हतं. पण तू खाली मान घालून उभा होतास आणि बाबा खुर्चीतून उठून तुझ्या शर्टावरची फायबरची पूड झटकत होते, तेवढं दिसलं.

मग ते म्हणाले, पावसाक माका घराक जावक व्हया, आणि तुझ्याबरोबर गेले. होडी अर्धी सोडून. खरं सांगते, त्या दिवशी मला तुझा जितका राग आला तितका तो पापड निघाला तेव्हाही आला नव्हता. ज्याने वाट लावली त्याच्याबरोबर गेले. दोन महिने मी विमलाच्या आवारात पाय ठेवला नाही. वाळायला महिना-दोन महिने लागतात असं तूच सांगितलंस, तर होडी वाळेपर्यंत मीही वाळते, असं काहीतरी डोक्यात.

जूनच्या शेवटी विमलाचा फोन आला, "तुझी होडी भिजते गं." गेले, विटांवर उचलून ठेवली, वर ताडपत्री बांधली. दसऱ्यानंतर प्लॅस्टिक लावायला सुरुवात केली. पहिल्यांदा थेंब. आठवड्याने पुन्हा थेंब. चौथ्यांदा कोरडं. तरी मी आणखी एकदा लावलं, कारण आता मी कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवत नाही, प्लॅस्टिकच्यासुद्धा. मग तीन थर, रोलर, घासणं, जेलकोट. सगळं एकटीने. मानसी परीक्षेत.

आज भरतीला आम्ही ती पाण्यात ढकलली. विमला, तिचे दोन दीर आणि मी. तास-दीड तास रिकामी ठेवली. आत एक थेंब नाही. मग मी चढले, विमला मागे बसली. वल्ही तिनेच शिकवली. पहिल्या दहा मिनिटांत आम्ही नुसत्या गोल फिरलो आणि विमला शिव्या देत होती. नंतर होडी सरळ निघाली. मी ओकले नाही.

पाण्यावर असताना मला तुम्हा दोघांची आठवण आली नाही. मुद्दाम सांगते. नंतर, चप्पल शोधताना आली.

परवा श्वेताने फोटो पाठवला, तू आणि बाबा होडीत, संध्याकाळचे. पोटात दुखलंच. ते जाईल असं मला वाटत नाही. पण तुला राग म्हणून लिहीत नाहीये. बाबांना सांग होडी तरली, फोटो सोबत आहे. आणि तू सांगितलेलं बाकी सगळं बरोबर होतं. कडा बशीसारख्या ठेवल्या म्हणून पाणी शिरलं नाही.

ताई


देवबाग,
२६ नोव्हेंबर

प्रिय ताई,

तुझं पत्र बाबांना पूर्ण वाचून दाखवलं. माझ्यावर जे लिहिलंस तेही, न गाळता. दोन महिने तू आवारात गेली नाहीस तिथे त्यांनी हात वर करून मला थांबवलं. थोड्या वेळाने म्हणाले, वाच.

तेव्हापासून इथे दुसरा विषय नाही. चहाच्या टपरीवर, जेट्टीवर, पर्यटकांच्या होडीत, सगळीकडे तू. काल पुण्याचं एक कुटुंब बसलं होतं. मी इंजिन चालवत होतो, बाबा त्यांच्याशी बोलत होते. त्या लोकांना किल्ला बघायचा होता, बाबांनी त्यांना अर्धा तास प्लॅस्टिकचा चौकोन सांगितला. मी पाठमोरा होतो. माझाही जीव जळत होता, खोटं कशाला बोलू? ते मला अजून तोंडावर काही म्हणत नाहीत. म्हणतील असंही वाटत नाही. मी नसलो की म्हणतात, हे तुझ्यामुळे कळलं.

म्हणून तू नसताना ते तुझ्याबद्दल काय म्हणाले ते लिहितो. जसंच्या तसं, त्यांच्या शब्दांत:

"माझ्या चेडवान एकटीन होडी उभी केल्यान. चाळीस वर्षां मी पाण्यार आसंय, असा काम बघूक नाय. किरणाक सुद्धा इतक्या गुळगुळीत जमाचा नाय."

शेवटचं वाक्य गाळणार होतो. नाही गाळलं.

तुझा,
किरण